वर एक, हातात दोन

सागरगोटे खेळणाऱ्या मुलीचे हात नीट बघावेत. ओसरीवर मांडी घालून बसलेली असते, समोर पाच गोटे विखुरलेले. त्यातला एक ती वर उडवते, तो हवेत आहे तोवर खालचा एक टिपते आणि वरचा त्याच मुठीत झेलते. पुढच्या फेरीला दोन टिपायचे, मग तीन, मग चारही एकदम. डोळा वरच्या गोट्यावर असतो आणि बोटं खालच्यांवर. हात नेमका किती वेळ मोकळा मिळणार याचं गणित तिला कुणी शिकवलेलं नसतं, तरी ते सहसा चुकत नाही. एक वस्तू हवेत असताना हाताने दुसरं काम उरकायचं, जगलिंगचा गाभा एवढाच आहे. तीन चेंडू, पाच रिंगा, पेटते पलिते हा सगळा पुढचा थाट.

हे सुरुवातीलाच सांगायचं कारण असं की, यवतमाळसारख्या जिल्ह्यात शाळेत जगलिंग शिकवू म्हटलं, तर पहिली शंका येते ती 'हे बाहेरचं खूळ इथं कशाला' अशी. खूळ बाहेरचं नाही. राळेगाव असो की घाटंजी, गावातल्या साठीपुढच्या बायांसमोर पाच सागरगोटे ठेवून पाहा. त्यातल्या दोघीतिघी तरी हात आखडता घेणार नाहीत.

जगलिंगचं सर्वांत जुनं समजलं जाणारं चित्र इजिप्तमधल्या बेनी हसन इथल्या एका थडग्यात आहे. चार हजार वर्षांच्या आसपासचं. त्यात चेंडू उडवणाऱ्या आकृती बायकांच्या आहेत. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत बरोबर असलेल्या जॉर्ज फॉर्स्टरने १७७३ मध्ये प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांवर एका मुलीला पाच गोल फळं सतत उडवत-झेलत ठेवताना पाहिलं आणि लिहून ठेवलं. टोंगात हा खेळ मुलींचाच. आपला सागरगोटा म्हणजे गजग्याच्या काटेरी वेलीचं बी, राखाडी, गुळगुळीत आणि दगडासारखं टणक. ते पाण्यावर तरंगतं आणि समुद्राच्या प्रवाहाबरोबर हजारो मैल जातं, म्हणून ही वेल उष्ण प्रदेशांतल्या किनाऱ्यांवर जगभर आढळते. बी गेलं तिथे त्याचा खेळही गेला असं मी म्हणत नाही. पण रिकामा वेळ, हातात मावणारं काहीतरी गोल आणि सोबतीला मैत्रीण एवढ्यावर माणसाला हा खेळ पुन्हापुन्हा सुचलेला दिसतो.

मात्र ओसरीवरच्या या कसबाला आपण कधी कसब म्हटलं नाही. मुलींचा बैठा खेळ, पावसाळी दुपारचा. कसब म्हटलं की ढोलकीचा आवाज आठवतो आणि बाजाराच्या कडेला जमलेलं कोंडाळं.

विदर्भाच्या बाजारांत आणि यात्रांत हे कोंडाळं जमवणारे लोक ठरलेल्या जमातींचे. डोंबारी, कोल्हाटी आणि गोपाळांतले खेळकरी. बांबूच्या कैच्यांवर ताणलेला दोर, त्यावर हातात काठी घेऊन चालणारी आठ-दहा वर्षांची मुलगी, खाली बाप ढोलकी वाजवत मोठ्याने तिच्याशी सवाल-जबाब करतोय. बघणाऱ्याचं लक्ष दोरावर, पण खेळाचा जीव त्या ढोलकीत असतो. पावलाचा ठेका तिच्यावर बसवलेला असतो. बाप थाप लांबवतो तेव्हा मुलगी तोल सावरून घेते. शिकवण्याची ही पद्धत इतकी मुरलेली आहे की बाहेरच्या माणसाला तिथे शिकवणं चाललंय हेही कळत नाही.

या माणसांना त्यांच्या हुनराचं काय मिळालं, याचा हिशेब मात्र वाईट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रामो सामी नावाचा मद्रासकडचा खेळकरी लंडनला गेला आणि नाव कमावून बसला. त्या काळी लंडनमध्ये चार पितळी गोळे उडवणारा भारतीय खेळकरी पाहून विल्यम हॅझलिट हा इंग्रज निबंधकार इतका भारावला की, त्याने १८२१ मध्ये त्यावर लांबलचक निबंध लिहिला. त्यात त्याने स्वतःलाच विचारलं आहे की, इतकं निर्दोष करता येण्यासारखं आपल्याला काय येतं. निबंध इंग्रजी साहित्यात अजून वाचला जातो. रामो सामी १८५० मध्ये वारला तेव्हा अंत्यविधीच्या खर्चासाठी त्याच्या बायकोला लोकांपुढे पदर पसरावा लागला होता.

इकडे इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि कितीतरी भटक्या जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो पुसला गेला. पण १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने भीक मागण्याची जी व्याख्या केली, तिच्यात गाणं, नाचणं, भविष्य सांगणं यांच्या जोडीला 'खेळ करून दाखवणं' हेही आहे. सार्वजनिक जागी खेळ करून पैसे घेतले तर कायद्याच्या लेखी ती भीक ठरू शकते. तोच खेळ मॉलमध्ये तिकीट लावून केला की शो होतो. महाराष्ट्राच्या यादीत कोल्हाटी, गोपाळ हे भटक्या जमाती 'ब' या प्रवर्गात आहेत. दोरावरची मुलगी आता शाळेत जायला हवी आणि तिने तिथेच जावं, याबद्दल दुमत नाही. तिच्याबरोबर ढोलकीवरचं ते शिकवणंही शाळेत आलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच.

मराठी माणसाने हा खेळ तंबूत नेला त्याची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. सांगलीकडच्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे यांनी २० मार्च १८८० रोजी 'ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ लावला. कसब जातीतून बाहेर पडून पगारी झालं ते तिथून. तरी बघणारे बाकड्यावर आणि करणारे रिंगणात ही वाटणी सर्कशीतही कायम राहिली.

सागरगोटे ओसरीवर, दोर बाजारात आणि झोके तंबूत. जगलिंग शिकवणारे लोक या तीन जागांमधल्या भिंतींनाच हात घालतात. त्यांच्या हातात असतात तीन चेंडू.

हे चेंडू विकत आणायची गरज नाही. चांगल्या चेंडूची पहिली अट अशी की तो टप्पा खाऊ नये. पडला तर पडल्या जागी बसावा. रबरी चेंडू शिकणाऱ्याला घरभर पळवतो आणि तो पाच मिनिटांत कंटाळतो. जुन्या सुती कापडाच्या मुठीएवढ्या तीन पिशव्या शिवाव्या आणि प्रत्येकीत शंभर ते सव्वाशे ग्रॅम ज्वारी भरावी. आपल्याकडे घरात सरकी पडलेली असते, ती भरायचा मोह होईल. पण ती हलकी पडते, चेंडू हातात आला हे तळव्याला कळत नाही. तूर उत्तम. तिचा भाव बघता घरच्या बाईची परवानगी काढूनच भरावी.

मग अंगणातली खाट ओढून तिच्यासमोर उभं राहायचं. पडलेला चेंडू खाटेवर पडतो, दर वेळी कमरेत वाकावं लागत नाही. सुरुवात एकाच चेंडूने. उजव्या हातातून डाव्या हातात, डोळ्यांच्या उंचीची कमान काढून. नजर हातावर ठेवायची नाही, कमानीच्या माथ्यावर ठेवायची. झेलणारा हात आपोआप जागेवर जातो. हे पटायला थोडा वेळ लागतो, कारण हाताकडे बघितल्याशिवाय त्याच्यावर आपला विश्वास बसत नाही.

दोन चेंडूंपाशी बहुतेक गाडी अडते. उजव्या हातातला वर गेला की माणूस घाबरतो आणि डाव्या हातातला दुसरा चेंडू वर फेकण्याऐवजी हळूच उजव्या हातात सरकवून देतो. मोठ्यांमध्ये तर हे हमखास. उपाय म्हणजे थांबणं. पहिला चेंडू कमानीच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत दुसरा सोडायचा नाही, आणि सोडायचा तो तेवढ्याच उंचीवर, पहिल्याच्या खालून. तोंडाने म्हणावं: फेक, फेक, झेल, झेल. हे दोन्ही हातांनी आलं की तिसरा चेंडू ही नवी विद्या राहत नाही. ज्या हातात दोन आहेत त्याने सुरुवात करायची आणि प्रत्येक चेंडू माथ्यावर आला की पुढचा सोडत जायचं. वर एक, हातात दोन. तिन्ही चेंडू एकदम हवेत असतात असं बघणाऱ्याला वाटतं. संथ चाललेल्या खेळात ते तसे जवळजवळ नसतातच.

यामागचं गणित सरळ आहे. हातापासून ६० सेंटीमीटर वर गेलेला चेंडू परत हाताच्या उंचीला यायला साधारण ०.७ सेकंद लागतात. वेळ दुप्पट हवा तर उंची दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागते. म्हणून तीनवरून पाच चेंडूंवर जाणं फार जड. उंच फेकीत कोनाची बारीकशी चूकही खाली येईपर्यंत हातभर होते. माहितीशास्त्राचा पाया घालणारे अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन यांना जगलिंगचा नाद होता. चेंडू हवेत किती वेळ, हातात किती वेळ आणि हात रिकामा किती वेळ यांचं नातं बांधणारं सूत्र त्यांनी मांडलं आणि चेंडू उडवणारं एक यंत्रही खटपट करून बनवलं. बेल लॅब्जच्या बोळांतून ते एकचाकी सायकलवरून चेंडू उडवत जात, ही त्यांच्याबद्दलची आख्यायिका नसून पाहिलेल्यांनी सांगितलेली हकिकत आहे.

आता माणसं जोडण्याचं. तीन चेंडूंचा एक प्रकार असा आहे की तो एकट्याला करताच येत नाही. दोघांनी खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. आतले दोन हात एकमेकांच्या पाठीवर, खेळायचा एकाने उजवा हात आणि दुसऱ्याने डावा. दोघांचा मिळून एक खेळाडू. आपण फेकलेला चेंडू दुसऱ्याला झेलायचा आहे, तेव्हा तो जोरात मारून चालत नाही. त्याच्या हाताला सोयीचा पडेल असा द्यावा लागतो. ज्याला येतं तो न येणाऱ्याला न बोलता सांभाळून घ्यायला लागतो. मास्तर आणि विद्यार्थी, सासू आणि सून, दोन वेगळ्या मोहल्ल्यांतली पोरं अशा जोड्या लावल्या की पहिलं मिनिटभर संकोच असतो. चेंडू पडतो. "काऊन बे, झोपला का?" अशी हाक येते, सगळे हसतात आणि जोडी पुन्हा उभी राहते.

पडणं हेच या खेळातलं कामाचं अंग आहे. कबड्डीत चुकलेला बाद होतो आणि रेषेबाहेर बसतो. इथे चुकलेला चेंडू उचलतो आणि खेळातच राहतो. शिवाय येणारा आणि न येणारा यांच्यात फार अंतर लागत नाही. ज्याला काल दोन चेंडू जमले तो आज एकवाल्याला शिकवू शकतो, आणि बहुधा चांगलं शिकवतो, कारण कुठे अडतं ते त्याला ताजं ठाऊक असतं. या गुणामुळे जगात अनेक ठिकाणी मोडलेल्या वस्त्यांमध्ये सर्कशीची कला मुद्दाम शिकवली गेली. कॅनडाच्या 'सर्क द्यु सोलेय'ने १९९५ पासून रस्त्यावरच्या मुलांसाठी असे वर्ग चालवले. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या काबूलमध्ये २००२ पासून मुलांची फिरती छोटी सर्कस उभी राहिली आणि शेकडो अफगाण मुलं-मुली चेंडू उडवायला शिकली.

मेंदूच्या नावाने मात्र या खेळाची भलती जाहिरात होते, तेव्हा थोडं स्पष्ट सांगतो. २००४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. जगलिंग न येणाऱ्या २४ जणांपैकी निम्म्यांनी तीन महिने तीन चेंडूंचा सराव केला. हलत्या वस्तूंकडे लक्ष ठेवणाऱ्या मेंदूच्या भागातला करडा पदार्थ त्यांच्यात वाढलेला दिसला. पुढचे तीन महिने सराव बंद ठेवल्यावर ती वाढ बरीच ओसरली. नंतर साठीच्या आसपासच्या लोकांवर असाच प्रयोग झाला. तरुणांइतकं त्यांना जमलं नाही, पण मेंदूत बदल त्यांच्यातही दिसला. एवढंच. यावरून जगलिंगने स्मरणशक्ती वाढते नि दहावीचे गुण वाढतात असं कुणी सांगत असेल, तर तो काहीतरी विकतो आहे असं समजावं.

चेंडूंपाठोपाठ कसबाची बाकी खेळणी येतात. जपानची केंडामा म्हणजे दोरीला बांधलेला गोळा लाकडी वाटीत झेलणं, चीनचा डायबोलो म्हणजे दोन काठ्यांमधल्या दोरीवर फिरणारी चकरी, शिवाय यो-यो. ही परवडतात त्यांनी जरूर आणावी. आपल्याकडे भोवरा आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्यांत तो अवघड आहे.

जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, आरीपासून (खालच्या खिळ्यापासून) सुरू करून वरपर्यंत घट्ट गुंडाळायची, एकावर एक फेर चढू न देता. सैल जाळी म्हणजे वाया गेलेली फेक. दोरीचं टोक बोटात अडकवून भोवरा पुढे फेकायचा आणि तो सुटता सुटता मनगटाने मागे हिसका द्यायचा. आधी तो तिरका पडून डुलतो, मग हळूहळू सरळ होतो आणि एका जागी घुमत राहतो. सरळ करते ती आर आणि जमीन यांच्यामधली घासण, आणि काही वेळाने वेग खाऊन त्याला आडवा पाडते तीही तीच. खरी परीक्षा हातजाळीची. भोवरा जमिनीला टेकूच द्यायचा नाही. हिसक्यासरशी मागे खेचून तो घुमत्या अवस्थेत तळहातावर घ्यायचा. पूर्वी गावचा सुतार बाभळीचा भोवरा काढून द्यायचा. सावंतवाडीचे लाखेच्या रंगाचे भोवरे शोभेला छान, पण रिंगणात कोच खायला गावचाच बरा. १९९९ नंतर जपानी बेब्लेडने जगभरच्या मुलांना पुन्हा भोवऱ्याकडे वळवलं खरं, पण त्यात दातेरी पट्टी ओढली की काम झालं. मनगटाला शिकण्यासारखं तिथे फार काही उरत नाही, म्हणून ते कुणाकडून शिकावंही लागत नाही.

बाजूच्या अमरावतीत १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. यवतमाळपासून नव्वदेक किलोमीटरवर. वैद्य बंधूंनी काढलेल्या या संस्थेचे खेळाडू १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जाऊन कबड्डी, मल्लखांब असे आपले खेळ जगाला दाखवून आले. वऱ्हाडातल्या गावोगावच्या आखाड्यांत लाठी, बोथाटी, दांडपट्टा आणि दोन्ही टोकांना पेटलेली बनाटी फिरवणारे उस्ताद होते, काही अजून आहेत. शहरातली मुलं आज 'पोई' आणि 'फायर स्टाफ' या नावाने वर्ग लावून जे शिकतात, ते बनाटीवाल्याच्या डाव्या हातचं काम. यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भात नावाजलेला. मिरवणुकीत आखाडा निघाला की बनाटीभोवती गर्दी होते, फोन वर होतात. पण उस्तादाला 'मला शिकवा' म्हणणारं पोरगं क्वचित.

खेळण्यामुळे माणसं कशी जोडली जातात, याचा वस्तुपाठ जिल्ह्यात दर वर्षी घडतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरच्या भोसल्यांकडून दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झालेला हा मुलांचा सण पूर्व विदर्भाचा, पण इकडेही रुजला. लाकडी बैल सजवून पोरं घरोघर जातात आणि मोठी माणसं त्यांना बोजारा देतात. ज्या घराशी वर्षभर बोलणं नसतं त्या घराच्या दारातही पोराचा बैल उभा राहतो. या दिवशी पाटलाच्या वाड्यासमोर किंवा शाळेच्या मैदानात तासभर भोवरा, सागरगोटे आणि तीन चेंडू मांडले तर वेगळ्या आमंत्रणाची गरज नाही. माणसं आधीच आलेली असतात.

यवतमाळचं नाव वर्तमानपत्रात येतं ते कापसाच्या भावापायी, नाहीतर शेतकरी आत्महत्येच्या आकड्यापायी. चेंडूंनी कर्ज फिटत नाही आणि बोंडअळीही हटत नाही. तसा दावा करणाऱ्या शिबिराला मी स्वतः जाणार नाही. पण माणूस घराबाहेर पडेनासा झाला, चावडीवर बसेनासा झाला, हे गावाच्या लवकर ध्यानात येत नाही. रोज संध्याकाळी चार माणसांना एकत्र उभं करणारं काहीही त्या दृष्टीने कामाचं आहे, मग ते भजन असो, व्हॉलीबॉल असो की ज्वारी भरलेल्या तीन पिशव्या.

२०२४ पासून राज्यातल्या पहिली ते आठवीच्या शाळांसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आहे. तासिका मोकळी आहे, चेंडूंना खर्च नाही. गुरुजींनी आणि बाईंनी एवढं करावं: एका शनिवारी सागरगोट्यांसाठी गावातल्या एखाद्या आजीला बोलवावं आणि मुलांनाही मुलींबरोबर बसवावं. दुसऱ्या शनिवारी बनाटीचे उस्ताद. तिसऱ्या शनिवारी जवळच्या पालावरचा खेळकरी, त्याच्या ढोलकीसह. त्याला ओळीने बसलेल्या मुलांसमोर खेळ करायला लावू नये, शिकवायला लावावं. आणि पाहुण्या व्याख्यात्याला देतो तेवढं मानधन, पाकिटात घालून, हजेरीपटावर सही घेऊन द्यावं.